वाकडे अंगण



व्याख्यानमालेच्या चिटणीसांनी आम्हांला बोलावले, तेव्हा त्यांची समजूत अशी होती की आम्ही कंत्राटी कामगारांवर किंवा ग्रॅच्युइटीच्या कायद्यावर बोलू. तीस वर्षे युनियनचे काम केलेल्या माणसाकडून दुसरे काय ऐकायचे? पण आम्ही विषय कळवला तो असा : चॉपर मोटारसायकलच्या साखळ्यांची मांडणी, तिच्या टायरची रुंदी आणि तिचा तोल. चिटणीसांनी पत्र दोनदा वाचले म्हणे. तरीही त्यांनी विषय बदलायला सांगितले नाही, याबद्दल त्यांचे आभार मानतो.

आमचे शाळेतले शिक्षण सातवीपर्यंतचे. पुढचे लेथवर झाले, त्यापुढचे गेटसभेत झाले आणि उरलेले रात्री शब्दकोश मांडीवर घेऊन झाले. तेव्हा येथे आम्ही प्राध्यापकाच्या नात्याने उभे नाही. एक चूक कबूल करण्यासाठी उभे आहोत. ती चूक कळण्यासाठी थोडे यंत्रशास्त्र समजून घ्यावे लागते, म्हणून हा विषय.

हकीकत अशी. काही वर्षांपूर्वी आमच्या एका जुन्या सहकाऱ्याचा मुलगा घाटातल्या एका उजव्या वळणावर मोटारसायकलसह रस्ता सोडून डाव्या बाजूच्या गटारात गेला. मांडीचे हाड दोन ठिकाणी मोडले. गाडी म्हणजे जुनी बुलेट. पण कर्ज काढून एका गॅरेजात तिचे अमेरिकन पद्धतीचे 'चॉपर' करून घेतलेले. पुढचा चिमटा लांब केलेला, बैठक खाली आणलेली आणि मागे २४० मिलिमीटर रुंदीचा टायर. रुग्णालयात तो मुलगा आम्हांला म्हणाला, "काका, मी वळवत होतो, पण गाडी वळत नव्हती." आम्ही त्याच्या वडिलांसमोर उत्तर दिले, "नाचता येईना, अंगण वाकडे!" वडील काही बोलले नाहीत. मुलाने भिंतीकडे तोंड फिरवले.

ते अंगण खरोखरच वाकडे होते. किती वाकडे होते आणि कसे, ते आज आपल्यापुढे मांडायचे आहे.

प्रथम चॉपर म्हणजे काय ते पाहू. हे बाळ अमेरिकेतले. 'चॉप' म्हणजे तोडणे, छाटणे. १९४५ साली महायुद्ध संपले, सैनिक घरी परतले आणि त्यांच्यातल्या पुष्कळांनी जड मोटारसायकली घेऊन त्यांवरचा अनावश्यक पत्रा काढून टाकला. पुढचा मडगार्ड काढला, मागचा अर्धा कापला. गाडी हलकी झाली म्हणून वेगाने पळू लागली. त्या गाड्यांना 'बॉबर' म्हणत. येथपर्यंत छाटणी कामासाठी होती. पुढे १९६० नंतरच्या दशकात छाटणीला शोभेची हौस जडली. फ्रेमची मान कापून ती अधिक तिरकी जोडायची, चिमटा हातभर पुढे काढायचा, हँडल उंच करायचे, असे सुरू झाले. तेच चॉपर.

१९६९ साली 'ईझी रायडर' हा चित्रपट निघाला आणि चॉपरचे नाव जगभर झाले. त्यातली अमेरिकेच्या निशाणाच्या रंगात रंगवलेली मोटारसायकल पीटर फोंडा या नटाची म्हणून सगळ्यांना ठाऊक झाली. पण त्या गाड्या घडवण्यामागे लॉस एंजेलिसचे क्लिफ वॉज आणि बेन हार्डी हे दोन कृष्णवर्णीय कारागीर होते, आणि चित्रपटाच्या श्रेयनामावलीत त्यांची नावे नव्हती. ती लोकांपुढे यायला पुष्कळ वर्षे जावी लागली. ज्याने हत्यार धरले त्याचे नाव शेवटी येते किंवा येतच नाही, हा अनुभव कामगारांना नवा नाही.

एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवावी. त्या काळच्या या चॉपरांचा मागचा टायर रुंद नव्हता. हार्ले-डेव्हिडसनच्या मोठ्या गाड्यांना सोळा इंची चाकावर सुमारे पाच इंच, म्हणजे १३० मिलिमीटरच्या आसपास रुंदीचा टायर असे. रुंदीची हौस नंतरची. १९९० नंतरच्या दशकात टायर १८० आणि २०० मिलिमीटरवर गेले. २००० नंतर दूरचित्रवाणीवर 'अमेरिकन चॉपर'सारख्या मालिका आल्या, गॅरेजातले कारागीर घरोघर दिसू लागले आणि टायर फुगतच गेले. २५०, ३००, ३३०, आणि काही हौशी मंडळींनी तर ३६०! आपल्याकडच्या जुन्या मारुती ८००चा टायर १४५ मिलिमीटर रुंद होता. त्याच्या दुपटीहून रुंद टायर एका मोटारसायकलच्या मागे! उभ्या गाडीकडे मागून पाहिले की छाती दडपते. तिला चालवताना काय होते, ते आता पाहू.

ते कळण्यासाठी इंजिनातली शक्ती चाकापर्यंत कोणत्या वाटेने जाते हे पाहावे लागेल. हार्लेच्या मोठ्या गाडीत इंजिनाचा दंड आडवा असतो. त्याच्या डाव्या टोकाला एक स्प्रॉकेट, म्हणजे दातेरी चक्र. तेथून पहिली साखळी मागे क्लचकडे जाते. क्लचमधून शक्ती गिअरबॉक्समध्ये शिरते आणि फिरून पुन्हा डावीकडेच बाहेर पडते, मात्र क्लचच्या आतल्या बाजूला. तेथून दुसरी साखळी मागच्या चाकाकडे जाते. १९८० पासून हार्लेने काही गाड्यांत साखळीच्या जागी दातेरी पट्टा वापरायला सुरुवात केली. पण वाट तीच राहिली. आपल्या जुन्या बुलेटचीही मांडणी याच जातीची, दोन्ही साखळ्या डावीकडे.

म्हणजे डाव्या अंगाला तीन बिऱ्हाडे झाली. बाहेर पहिली साखळी आणि क्लच, मध्ये दुसरी साखळी आणि आत टायर. चाळीतल्या मधल्या खोलीची अडचण आपण जाणता. शेजारी वाढला की मधल्याने सरकायचे कोठे? टायर १३० मिलिमीटरचा असतो तोवर तिघेही गुण्यागोविंदाने नांदतात. तो २५० चा झाला की प्रत्येक बाजूला ६० मिलिमीटर वाढतो आणि दुसऱ्या साखळीच्या वाटेत येतो. साखळीला बाहेर सरकवावे तर पलीकडे क्लचची भिंत आहे.

ही गाठ सोडवण्याचे तीन मार्ग अमेरिकेतल्या कारागिरांनी काढले.

पहिला मार्ग सगळ्यांत स्वस्त. चाकच उजवीकडे सरकवायचे. डावीकडे साखळीला जागा मिळते. पण मग मागचे चाक पुढच्या चाकाच्या रेषेत राहत नाही. एका गाडीच्या दोन चाकोऱ्या होतात.

दुसरा मार्ग म्हणजे चाक मध्यावर ठेवायचे आणि इंजिन व गिअरबॉक्स मिळून डावीकडे सरकवायचे, किंवा नुसता गिअरबॉक्स सरकवून इंजिन आणि पहिल्या साखळीचे घर यांच्यामध्ये जाड चकती घालायची. चाके एका रेषेत राहतात. वजन मात्र एका अंगाला जाते.

तिसरा मार्ग खर्चाचा. गिअरबॉक्सच नवा घ्यायचा, आणि तो असा की शक्ती त्यात डावीकडून शिरते आणि उजवीकडून बाहेर पडते. उजवीकडे क्लचची भिंत नाही. ती कोपऱ्याची खोली. साखळी पाहिजे तेवढी बाहेर नेता येते. इंजिन मध्यावर, चाकही मध्यावर, एका बाजूला पहिल्या साखळीचे वजन आणि दुसऱ्या बाजूला दुसरीचे. ऐकायला फार न्यायाचे वाटते. पण फुकट हेही मिळत नाही. मागचा ब्रेक डावीकडे न्यावा लागतो. सायलेन्सरचे नळे साखळीला चुकवून वळवावे लागतात. शिवाय पहिली साखळी गिअरबॉक्सला डावीकडून पुढे ओढते आणि दुसरी उजवीकडून मागे ओढते. पूर्वी दोन्ही ओढी एकाच बाजूला होत्या, आता त्या दोन बाजूंना झाल्या. ओल्या धोतराला दोघांनी दोन टोकांनी पीळ द्यावा तसा पीळ गिअरबॉक्सच्या बैठकीला बसतो. ती बैठक आणि तिचे बोल्ट त्या मापाने मजबूत पाहिजेत.

आता या मार्गांची किंमत आकड्यांत मांडू. कामगाराला आकडे आवडतात. बोनसच्या वाटाघाटीत आम्ही तेच शिकलो. धरा, स्वारासह गाडीचे वजन ३८० किलो, त्यातले इंजिन आणि गिअरबॉक्स मिळून ११० किलो, आणि सगळ्याचा गुरुत्वमध्य जमिनीपासून ६० सेंटीमीटर उंच. इंजिन आणि गिअरबॉक्स २ सेंटीमीटर डावीकडे सरकवले, तर संपूर्ण गाडीचा गुरुत्वमध्य सरकतो सहा मिलिमीटरहून थोडा कमी. तो पुन्हा चाकांच्या रेषेवर आणायला गाडी अर्ध्या अंशाच्या आसपास उजवीकडे कलती ठेवावी लागते. अर्धा अंश म्हणजे काही फार नव्हे. सरळ रस्त्यावर हँडलवरची पकड सैल केली की गाडी एका बाजूला जाऊ पाहते, एवढाच त्याचा त्रास.

तेच मागचे चाक २ सेंटीमीटर सरकवले तर? पुढचे चाक मध्यावर आणि मागचे बाजूला, म्हणजे दोघांना जोडणारी रेषाच तिरकी झाली. गुरुत्वमध्याच्या खाली ती रेषा सुमारे एक सेंटीमीटर बाजूला पडते आणि कल जातो पाऊण अंशाच्या पुढे, जवळजवळ एक अंशावर. शिवाय जोरात ब्रेक लावला की मागून ढकलणारे वजन एका रेषेत आणि जमिनीची अडवणूक दुसऱ्या रेषेत, त्यामुळे गाडी तोंड फिरवू पाहते. म्हणजे जो मार्ग सगळ्यांत स्वस्त, तोच स्वाराला सगळ्यांत महाग. कारागिराचे वाचलेले पैसे स्वार वळणावर भरतो.

पण श्रोतेहो, येथे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे की साखळीच्या मांडणीचा हा दोष एकंदरीत लहान आहे. चॉपरची हौस असलेली मंडळी त्यावर तासन् तास वाद घालतात. पण अर्ध्याएक अंशाला सवयीने सांभाळून घेता येते. मोठा दोष आहे तो ज्याच्यासाठी हा सगळा खटाटोप केला त्या टायरचा.

रुंद टायर म्हणजे जास्त पकड, असे बहुतेकांना वाटते. आम्हांलाही वाटत असे. हिशेब करू. मागच्या चाकावर २०० किलो भार आहे आणि टायरमध्ये दर चौरस सेंटीमीटरला २·८ किलो दाबाची हवा आहे. भाराला दाबाने भागा. उत्तर येते सुमारे ७१ चौरस सेंटीमीटर. म्हणजे जमिनीला टेकते ती साधारण तळहाताएवढी जागा. या भागाकारात टायरची रुंदी कोठे आली? आलीच नाही! टायरच्या कडकपणामुळे थोडा फरक पडतो. पण ढोबळ मानाने टेकणारी जागा तेवढीच राहते, फक्त तिचा आकार बदलतो. अरुंद टायरची टेकण लांबट आणि रुंद टायरची आखूड पण आडवी. पावसात तर ही आडवी टेकण पाणी चटकन बाजूला सारू शकत नाही आणि पाण्यावर तरंगू लागते.

आता वळणाकडे येऊ. मोटारसायकल वळते ती कलून. तिने किती कलायचे हे वेग आणि वळण यांवर ठरते. अडचण अशी की टायर काही कागदासारखा पातळ नाही. गाडी कलली की टेकण टायरच्या मध्यावरून कडेकडे सरकते, आणि सरकते ती कलण्याच्याच दिशेला.

येथे टेबलावर अध्यक्षमहाराजांची एक पातळ वही आणि एक जाडजूड ग्रंथ आहे. त्यांच्या परवानगीने दोन्ही उभे करतो. वही थोडी कलवून सोडली की ती कलली त्या बाजूला पडते. आता हा ग्रंथ तेवढाच कलवतो आणि सोडतो. पाहा, तो परत उभा राहिला! कारण ग्रंथ कलताना आपल्या कडेवर टेकला आणि त्याचे वजन त्या कडेच्या आतल्या बाजूलाच राहिले. त्याला पाडायचे तर पुष्कळ जास्त कलवावे लागेल. रुंद टायरची गाडी या ग्रंथाच्या वळणावर गेलेली असते. तिला कलायचे नसते. कलवली तर ती पुन्हा उभी राहू पाहते.

याचेही गणित आहे. इटलीतल्या पादुआ विद्यापीठातले प्राध्यापक व्हित्तोरे कोसाल्तेर यांनी मोटारसायकलच्या गतिशास्त्रावर मोठा ग्रंथ लिहिला आहे. तो आम्ही शब्दकोशाच्या आधाराने वाचला. अर्धा समजला, पण आज लागतो तो अर्धा समजला. धरा, ३० मीटर त्रिज्येचे वळण आहे आणि गाडीचा वेग ताशी ३७ किलोमीटर. टायर सुरीच्या पात्यासारखा पातळ असता तर २० अंश कलून भागले असते. दोन्ही चाकांना १३० मिलिमीटरचा गोल माथ्याचा टायर असेल तर कल लागतो २२ अंशांच्या थोडा वर. दोन्ही चाकांना ३०० चा असेल तर साडेसव्वीस अंश. चॉपरला पुढे अरुंद आणि मागे रुंद असतो, म्हणून खरी संख्या या दोहोंच्या मध्ये, चोवीसच्या आसपास पडते. गणित ढोबळ आहे. प्रत्यक्ष टायरचा माथा पुरता गोल नसतो. पण दिशा हीच.

आपण म्हणाल, दोन-चार अंशांचे काय एवढे? आणखी कलावे! पण कलायला जागा कोठे आहे? चॉपरची बैठक खाली, फ्रेम खाली, पायटे खाली. अशा बुटक्या गाड्यांचे पायटे पंचवीस ते तीस अंशांच्या आसपास रस्त्याला घासू लागतात. अरुंद टायरवर त्याच वळणाला तीन-चार अंशांची शिल्लक हातात राहते. रुंद टायर ती शिल्लक आधीच खाऊन बसतो. महिनाअखेरीला ज्याच्या घरात चार रुपये शिल्लक असतात आणि ज्याच्या घरात नसतात, त्या दोन घरांतला फरक आजारपण आले की कळतो. तसा हा फरक वळण अंदाजापेक्षा आवळ निघाले की कळतो.

पुढच्या आणि मागच्या टायरांत मोठी तफावत असली की आणखी एक भानगड होते. पुढचा टायर ९० मिलिमीटरचा आणि मागचा ३०० चा, अशी गाडी पंचवीस अंश कलली, तर पुढची टेकण मध्यापासून दोन सेंटीमीटरच सरकते आणि मागची सहाच्या पुढे. म्हणजे दोन चाकांना जोडणारी रेषा सरळ चालताना एक आणि वळताना दुसरी! मागचा भाग गाडीला उभा करू पाहतो, पुढचा भाग वळू पाहतो, आणि दोघांचा तंटा मिटवायला स्वाराला संपूर्ण वळणभर हँडलवर जोर धरून ठेवावा लागतो. बैलगाडीत माल मागे जास्त झाला तर गाडी उलाळ होते आणि पुढे जास्त झाला तर धुरजड, हे शेतकऱ्याला सांगावे लागत नाही. येथे मात्र पुढे बकरी आणि मागे रेडा जुंपला आहे.

त्यातच चॉपरचा चिमटा तिरका. तिरक्या चिमट्याचे चाक सरळ रस्त्यावर पुष्कळ स्थिर चालते. पण हळू वेगात हँडल जड होते आणि थोडे वळवले की एका बाजूला कोसळू पाहते. आणि रस्ताही काही पाटासारखा सपाट नसतो. पाणी वाहून जावे म्हणून तो मध्ये उंच आणि कडांना उतरता करतात. अशा उतरत्या रस्त्यावर रुंद टायर आपल्या उंचाकडच्या कडेवर टेकतो आणि गाडीला खालच्या बाजूला ढकलू लागतो. अमेरिकेत वाहने उजवीकडून चालतात, म्हणून तेथे ती उजव्या गटाराकडे ओढते. आपण डावीकडून चालतो, म्हणून येथे डाव्या गटाराकडे.

आता आमच्या सहकाऱ्याच्या मुलाची गाडी पुन्हा आठवा.

अपघातानंतर सहाएक महिन्यांनी आम्ही त्यांच्या घरी गेलो होतो. मुलगा कुबड्यांवर होता. गाडी अंगणात ताडपत्रीखाली उभी होती. कोसाल्तेर यांचा ग्रंथ तोवर आमच्या घरात आला नव्हता. पण लेथवर काम केलेल्या माणसाला वाकडे दिसले की चैन पडत नाही. मागून पाहताना काहीतरी खटकले. आम्ही सुतळी मागवली. मागच्या टायरच्या दोन्ही बाजूंना लावून ती पुढच्या चाकापर्यंत ताणली आणि दोन्हीकडचे अंतर मोजले. पुढचे चाक मध्यावर यायला हवे होते. आले नाही. मागचे चाक २ सेंटीमीटर उजवीकडे बसवलेले होते. साखळीला जागा व्हावी म्हणून त्या गॅरेजाने सगळ्यांत स्वस्त मार्ग धरला होता, आणि तसे मुलाला सांगितलेही नव्हते.

चाक उजवीकडे म्हणजे गाडीचा गुरुत्वमध्य चाकांच्या रेषेच्या डावीकडे. उजव्या वळणावर ती गाडी इतर कोणत्याही गाडीपेक्षा जास्त कलवावी लागणार. वळण उजवे होते. मागचा टायर २४० चा, तो गाडीला उभी करणार. पायटा खाली, तो घासणार. उजव्या पायट्याचे रबर खरोखरच एका बाजूने घासून गेले होते. रस्ता डावीकडे उतरता, तो डावीकडे ओढणार. चारही गोष्टींची ओढ एकाच दिशेला, आणि त्यांच्याविरुद्ध चोवीस वर्षांच्या पोराचे दोन हात. "मी वळवत होतो, पण गाडी वळत नव्हती." श्रोतेहो, त्याने आम्हांला तंतोतंत खरे सांगितले होते.

त्याची चूक मुळीच नव्हती असे आम्ही म्हणत नाही. वेग थोडा जास्त होता, हे तोही कबूल करतो. पण आमच्या मनाला जे लागले ते निराळेच आहे. तीस वर्षे आम्ही कारखान्यांतल्या अपघातांच्या चौकशांना बसलो. कामगाराची बोटे प्रेसमध्ये गेली की समोरून एकच वाक्य येते : "कामगाराचा निष्काळजीपणा." आणि दर वेळी आम्ही टेबलावर हात आपटून म्हणत आलो, "आधी यंत्र तपासा! गार्ड होता का? मोजा, मग बोला." आणि ज्या दिवशी एक जखमी मुलगा आम्हांला यंत्राबद्दल सांगू लागला, त्या दिवशी आम्ही न मोजता म्हणालो, नाचता येईना, अंगण वाकडे. साहेबाच्या खुर्चीत बसायला साहेब व्हावे लागत नाही, हे त्या अंगणात सुतळी हातात असताना आम्हांला कळले.

आम्ही त्या मुलाची माफी मागितली. तो म्हणाला, "जाऊ द्या काका." त्याच्या वडिलांनी मात्र सुतळी गुंडाळून खिशात ठेवली.

तर मग चॉपर करूच नये काय? आपल्या देशापुरते कायद्याने याचे उत्तर दिले आहे. मोटार वाहन कायदा, १९८८ याच्या कलम ५२ प्रमाणे, उत्पादकाने दिलेल्या मूळ तपशिलाहून गाडी वेगळी होईल असा बदल करता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही त्यावर शिक्कामोर्तब केले. कर्ज काढण्यापूर्वी तरुणांनी एवढे तरी ध्यानात घ्यावे.

पण हौसेला आम्ही नावे ठेवणार नाही. अमेरिकेतल्या ज्या कारागिरांनी हातात कानस धरून या गाड्या घडवल्या, त्यांच्याविषयी आम्हांला आदर आहे. त्यांच्यातल्या जाणत्यांनी अनुभवातून जे धडे घेतले ते साधे आहेत. पहिला, दोन्ही चाके एका रेषेत पाहिजेत. सरकवायचेच असेल तर लोखंड सरकवा, चाक सरकवू नका. दुसरा, रुंदी मोठी हवी असेल तर उजवीकडून शक्ती काढणाऱ्या गिअरबॉक्सचा खर्च सोसा आणि त्याची बैठक पक्की करा. तिसरा, मागचा टायर वाढवाल तर पुढचाही वाढवा. हार्ले कंपनीने २०१३ साली 'ब्रेकआउट' नावाची गाडी काढली, तिला मागे २४० चा टायर दिला, पण पुढेही १३० चा दिला. आणि चौथा धडा सगळ्यांत स्वस्त : गाडी ताब्यात घेण्यापूर्वी सुतळी लावून पाहा. सुतळी खोटे बोलत नाही आणि तिला पगारही द्यावा लागत नाही.

रुंद टायर उभ्या गाडीला शोभतो, आणि लोक गाडी उभी असतानाच पाहतात. तिच्या वाकडेपणाची किंमत मात्र ती चालू लागल्यावर मोजावी लागते, आणि ती मोजणारा माणूस त्या वेळी एकटा असतो. म्हणून आमचे मागणे एवढेच की, कोणी पडलेला माणूस तुम्हांला म्हणाला, "मी वळवत होतो, पण वळत नव्हते," तर त्याला म्हण ऐकवण्याआधी एकदा अंगण मोजा.

तो मुलगा आज सभागृहात मागच्या रांगेत बसला आहे. चालताना थोडा लंगडतो. येथून घरी जाताना आम्हांला त्याच्याच मोटारसायकलवर बसून जायचे आहे. ती साधी आहे, टायर कंपनीने दिले तेच आहेत, आणि दोन्ही चाके एका रेषेत आहेत. आम्ही काल मोजून पाहिली.